सूर बँडच्या ओठी

राग गळ्यात बसतो, सतारीत बसतो, बासरीतही बसतो. पण चाळीस जणांच्या बँडसाठी नवी रचना करायची, तर त्याच रागाला किती परीक्षा द्याव्या लागतात! आणि तो पास झाला की नाही, हे सांगायचं कुणी?

बँड म्हटला की मराठी माणसाला आधी लग्नाची वरात आठवते. मग पुण्याची विसर्जन मिरवणूक, गणपतीपुढे रंगणारा प्रभात किंवा दरबार बँड आणि त्यानंतर २६ जानेवारीचं संचलन. क्लॅरिनेटवर नाट्यगीत सुरू झालं, की रस्त्याच्या कडेला उभे असलेले आजोबाही मान डोलावू लागतात.

पण एक गंमत पाहा. बँडवर वाजणारं गाणं मूळ कुणी गायलं, चाल कुणाची, हे आपल्याला पाठ असतं. केवळ बँडसाठी म्हणून कुणी नवी रचना केली आहे का, असं विचारलं तर मात्र आपण एकमेकांकडे बघतो. बँडने दुसऱ्यांची गाणी वाजवायची, हे आपण जणू ठरवूनच टाकलं आहे.

अशा रचना होतात. आपल्या देशात होतात, आपल्या माणसांकडून होतात आणि दरवर्षी दिल्लीत साऱ्या देशासमोर वाजतातही. त्या कशा तयार होतात, कुठे अडतात आणि कुणाच्या सांगण्यावरून सुधारतात, ही गोष्ट मोठी मजेदार आहे.

यशवंतपूरच्या शेजारी

बंगळूरचं यशवंतपूर आपल्याकडच्या प्रवाशांना ठाऊक आहे ते रेल्वे स्टेशन म्हणून. व्यापाऱ्यांना ते ठाऊक आहे बाजार समितीमुळे. महाराष्ट्रातला कांदा इथे उतरतो आणि आवारात मराठी कानावर पडणं नवलाचं नसतं. या यशवंतपूरच्या उत्तरेला लागूनच जालहळ्ळी. १९५०च्या दशकात एचएमटी आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने इथे उभे राहिले आणि हा सारा भाग कामगारांचा, तंत्रज्ञांचा झाला.

याच जालहळ्ळीत हवाई दलाचा मोठा तळ आहे. तिथे तंत्रज्ञ घडतात, तसेच वादकही घडतात. हवाई दलाच्या बँडमध्ये भरती झालेल्या मुलांचं संगीताचं शिक्षण या तळावर होतं. त्याआधी कवायतीचे प्राथमिक धडे घ्यायला त्यांना जावं लागतं आपल्या बेळगावजवळच्या सांबऱ्याला. सैन्याच्या वादकांसाठी मध्य प्रदेशात पचमढीला संगीत विभाग आहे. जनरल करिअप्पा सरसेनापती असताना १९५० साली तो सुरू झाला. नौदलाची संगीतशाळा मुंबईत कुलाब्याला ‘आयएनएस कुंजाली’वर आहे.

आता या शाळांतल्या एखाद्या होतकरू वादकाच्या मनात आलं, की दुसऱ्यांचं पुष्कळ वाजवलं, आपण स्वतःचं काही लिहावं. मार्चपुरतं चार मिनिटांचं नव्हे, तर बँडला खुर्च्यांवर बसवून ऐकवावं असं, चांगलं पंधरा मिनिटांचं. तर त्याने कुठून सुरुवात करायची?

खायचं नव्हे, ऐकायचं ‘स्वीट’

अशा मोठ्या रचनेला पाश्चात्त्य संगीतात एक नाव आहे. त्याचा उच्चार होतो ‘स्वीट’. पण मिठाईशी त्याचा काही संबंध नाही! स्वीट म्हणजे तीन-चार स्वतंत्र भागांची एक माळ. आपल्या मैफलीत विलंबित, मध्य आणि द्रुत बंदिशी एकापाठोपाठ येतात आणि तिन्ही मिळून एका रागाचं चित्र उभं राहतं. स्वीटमधल्या भागांचं नातं साधारण तसंच.

बँडसाठी लिहिलेल्या स्वीटचा आदर्श म्हणून जगभर ज्या रचनेकडे बोट दाखवलं जातं, ती इंग्लंडच्या गुस्ताव होल्स्ट या संगीतकाराची. हा मनुष्य आपल्याला परका नाही. ऋग्वेदातल्या सूक्तांना स्वर देण्यासाठी तो संस्कृत शिकला होता आणि महाभारतातल्या सावित्रीच्या कथेवर त्याने संगीतिका लिहिली. स्वतः तो ट्रॉम्बोन वाजवत असे, त्यामुळे बँडच्या वादकाचं दुखणं त्याला ठाऊक होतं. १९०९ साली त्याने आपला पहिला बँड स्वीट लिहिला. भाग तीन आणि वाजायला लागतात जेमतेम दहा मिनिटं.

त्यातल्या पहिल्या भागात आठ मात्रापट्ट्यांची एक साधी धून खर्जातल्या वाद्यांवर सुरू होते आणि ती पुनःपुन्हा वाजत राहते. तिच्यावर बाकीची वाद्यं नवे नवे रंग भरत जातात. हे वाचून तबल्याच्या एकलवादनाची आठवण झाली ना? पेटीवर लेहरा धरलेला असतो आणि त्यावर तबलजी कायदे-रेले मांडत जातो. तत्त्व तेच.

होल्स्टने आणखी एक शहाणपण केलं. सगळेच बँड मोठे नसतात, हे ओळखून त्याने काही वाद्यं ऐच्छिक ठेवली. नसली तरी रचना लंगडी पडत नाही. तरीही या रचनेचा नोंद असलेला पहिला जाहीर प्रयोग व्हायला १९२० साल उजाडलं. लंडनजवळच्या नेलर हॉल इथल्या लष्करी संगीतशाळेत तो झाला. म्हणजे होल्स्टसारख्यालाही अकरा वर्षं थांबावं लागलं!

या नेलर हॉलच्या जन्माची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी तुर्कस्तानात राणी व्हिक्टोरियाचा वाढदिवस साजरा झाला. तिथे जमलेल्या पलटणींच्या बँडांनी एकदम राष्ट्रगीत सुरू केलं. पण प्रत्येकाची पट्टी निराळी आणि लिखाण निराळं. जो गोंधळ झाला, त्याने वरिष्ठांची मान खाली गेली, असं सांगतात. तीनच वर्षांनी, १८५७मध्ये, बँडमास्तरांना एकसारखं शिक्षण देणारी शाळा निघाली.

गायकाची काळी एक, बँडची काळी पाच

पट्टीचा हा घोळ समजून घेतल्याशिवाय बँडसाठी लिहिता येत नाही. आपल्याकडे बहुतेक चाली गळ्यातून जन्म घेतात. पुरुष गायक पुष्कळदा काळी एकमध्ये गातो. पेटीवर बोट ठेवलं की सा मिळाला, काम झालं. बँडमध्ये मात्र सा इतका सरळ मिळत नाही.

बँडमधल्या नेहमीच्या क्लॅरिनेटवाल्यासमोर कागदावर पांढरी एकचा स्वर लिहिला, तर त्याच्या वाद्यातून निघते काळी पाच. तोच स्वर ऑल्टो सॅक्सोफोनवाल्याला लिहून दिला, तर निघते काळी दोन. हॉर्नमधून पांढरी चार. बासरीवाला मात्र लिहिलं तेच वाजवतो. चौघांना एकच कागद दिला, तर तुर्कस्तानातला वाढदिवस पुन्हा साजरा होणार! म्हणून रचनाकाराला प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद, वेगळ्या पट्टीत लिहावा लागतो. त्याला ‘पार्ट’ म्हणतात. सगळे पार्ट एकाखाली एक मांडलेला मोठा कागद तो ‘स्कोअर’. बँडमास्तरासमोर असतो तो हाच.

आता काळी एकमध्ये सुचलेली चाल तशीच बँडला दिली, तर काही वादकांच्या कागदावर तीव्र-कोमलाच्या खुणांची जाळी तयार होते. बोटं अडखळतात, सूर हलतात. बँडला सुखाच्या पट्ट्या म्हणजे काळी पाच, काळी दोन, पांढरी चार. त्यामुळे नव्या रचनाकाराला मिळणारा पहिला अभिप्राय बहुधा रागाबद्दल नसतोच. तो असतो, “आधी पट्टी बदला!”

आपल्या सिनेसंगीतात ही अडचण सोडवली ती गोव्याच्या वादकांनी. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवण्याची जुनी परंपरा होती. तिथून आलेले वादक लष्करी बँडांत गेले, पोलीस बँडांत गेले, मुंबईच्या स्टुडिओंत गेले. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि गोवेकर अरेंजरने ती वीस-पंचवीस वाद्यांत वाटून कागदावर उतरवायची, अशी ती जोडी होती. एकाला राग ठाऊक, दुसऱ्याला वाद्यं ठाऊक. बँडसाठी लिहिणाऱ्याला ही दोन्ही माणसं एकतर स्वतःत जमवावी लागतात, नाहीतर शोधावी तरी लागतात.

दम, ओठ आणि पाऊल

पट्टी जमली तरी पुढे आणखी तीन परीक्षक बसलेले असतात.

पहिला परीक्षक म्हणजे दम. सतारीची तार झंकारत राहते, पेटीचा भाता हलत राहतो. बँडमधली बहुतेक वाद्यं मात्र माणसाच्या फुप्फुसावर चालतात. विलंबित ख्यालासारखा लांबलचक स्वर लिहिला, तर वादक कुठेतरी श्वास घेणारच. रचनाकाराने ती जागा ठरवून दिली नसेल, तर दहा जण एकदम श्वास घेतात आणि ऐन रंगात खड्डा पडतो. जाणते बँडमास्तर यावर युक्ती करतात. शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. मग ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो.

दुसरा परीक्षक, ओठ. ट्रंपेट, ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं ओठांच्या कंपनावर वाजतात. तारसप्तकात सलग ठेवलं, की ओठ थकतात. पहिल्या दोन मिनिटांत ट्रंपेटचा सगळा जोर संपवून टाकला, तर शेवटच्या कळसाला काही उरत नाही.

तिसरा परीक्षक, पाऊल. लष्करी संचलनाची नेहमीची गती मिनिटाला सुमारे १२० पावलांची. डावा, उजवा, डावा, उजवा. त्यामुळे आठ मात्रांचा केरवा तिथे चपखल बसतो. सात मात्रांचा रूपक घेतला, तर एका आवर्तनाची सम डाव्या पायावर येते आणि पुढच्या आवर्तनाची उजव्या! मार्च करणारा जवान गोंधळून जाईल. पण खुर्चीवर बसून वाजवणाऱ्या बँडला ही अडचण नाही. म्हणूनच मैफलीच्या बँडसाठी लिहिलेल्या स्वीटमध्ये रचनाकाराला जरा मोकळा श्वास घेता येतो. एक भाग केरव्यात, एक रूपकात, एक विलंबित लयीत, अशी रचना तिथे शोभते.

आणि या तिघांच्या वर, न सुटणारं कोडं म्हणजे मींड. आपला राग नुसत्या स्वरांत नसतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटेत असतो. ट्रॉम्बोनला सरकती नळी आहे, तो मींड घेऊ शकतो. कुशल क्लॅरिनेटवादकही घेतो. ट्रंपेटला मात्र तीन कळा. तिथे मींड मागणं अवघड.

मैसूरने शोधलेली वाट

या कोड्याचं एक उत्तर कर्नाटकातच मिळालं. मैसूरच्या वाडियार महाराजांच्या पदरी दोन बँड होते. एक इंग्लिश बँड, दुसरा कर्नाटक बँड. इंग्लिश बँडला ऑटो श्मिट यांच्यासारखे जर्मन बँडमास्तर लाभले. कर्नाटक बँडमध्ये पाश्चात्त्य वाद्यांवर त्यागराजांसारख्यांच्या कृती वाजत. ही परंपरा पुढे राज्याच्या पोलीस बँडने चालवली आणि मैसूरच्या दसऱ्यात ती आजही ऐकायला मिळते.

याच राजवाड्याच्या बँडमध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या एका नागस्वरवादकाच्या मुलाने सॅक्सोफोन ऐकला आणि तो त्या आवाजाने वेडावला. त्याचं नाव कद्री गोपालनाथ. कर्नाटक संगीतातली गमकं त्या वाद्यातून जशीच्या तशी निघेनात, तेव्हा त्यांनी वाद्याच्या कळांच्या रचनेत बदल करून घेतले आणि वर्षानुवर्षं रियाज केला. २०१९ साली त्यांचं निधन झालं, तेव्हा सॅक्सोफोन हे कर्नाटक संगीताचं मान्यताप्राप्त वाद्य झालेलं होतं.

मात्र एका वादकाने आयुष्य वेचून साधलेली गोष्ट चाळीस जणांकडून एकदम मागता येत नाही. म्हणून बँडच्या रचनाकाराला दुसरी वाट धरावी लागते. ज्याचा चेहरा नुसत्या स्वरांतूनही ओळखू येईल, असा राग निवडायचा आणि मींडेचं काम एखाद-दुसऱ्या एकल वादकाकडे द्यायचं.

मास्तरांची परीक्षा

बँडवर नीट वाजतं की नाही, या एका प्रश्नावर केवढं काही टांगलेलं असू शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण मराठी माणसाच्या घरातलंच आहे.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर म्हणजे भास्करबुवा बखल्यांचे लाडके शिष्य, ‘प्रभात’च्या ‘माणूस’ आणि ‘शेजारी’सारख्या चित्रपटांचे संगीतकार. झिंझोटी रागातलं ‘वंदे मातरम्’ ते मैफलीतून तळमळीने गात. देश स्वतंत्र झाला आणि राष्ट्रगीत कोणतं, हा प्रश्न उभा राहिला. ‘वंदे मातरम्’वर एक आक्षेप असा होता, की ते वाद्यवृंदावर, लष्करी बँडवर नीट वाजवता येणार नाही.

दरम्यान १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली होती. त्यांच्याकडे ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती. तिथल्या वाद्यवृंदाने तिच्यावरून सराव केला आणि गीत वाजवलं. निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींना ते फार आवडलं. ही हकिगत पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेपुढे सांगितली. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा सुरावटीला महत्त्व असतं आणि ‘वंदे मातरम्’ची चाल वाद्यवृंदाला तितकीशी सोयीची नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

मास्तरांच्या जागी दुसरा कुणी असता, तर रुसून बसला असता. मास्तरांनी आक्षेपालाच अभिप्राय मानलं. बँडवर वाजत नाही ना, मग वाजवून दाखवतो! मैफलीतली आळवणी बाजूला ठेवून संचलनाच्या लयीत बसेल, समूहाला गाता येईल अशी चाल त्यांनी बांधली. मुंबईतल्या बँडमास्तरांच्या मदतीने ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेतली, बँडकडून वाजवून घेतली आणि दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सदस्यांपुढे तिची प्रात्यक्षिकं केली.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी निर्णय जाहीर केला. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. मास्तरांना हवं होतं ते पूर्ण मिळालं नाही. पण ख्यालगायकीत मुरलेला एक गवई पन्नाशीच्या उंबरठ्यावर बँडमास्तरांपुढे विद्यार्थ्यासारखा बसतो, त्यांचं ऐकतो आणि स्वतःची चाल पुन्हा बांधतो, ही गोष्ट बँडसाठी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

नागपूरचा शंखनाद

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी बँडच्या दारात पुन्हा मराठी पाऊल वाजलं. २०१९च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीच्या राजपथावर ‘शंखनाद’ ही नवी धून घुमली. तोवर ब्रिटिश परंपरेतल्या युद्धधुनांची सवय असलेल्या संचलनात ही भारतीय रागांवर आधारलेली रचना होती. ती होती नागपूरच्या संगीत प्राध्यापिका डॉ. तनुजा नाफडे यांची. शब्द ब्रिगेडियर विवेक सोहल यांचे आणि मुळात ती केलेली महार रेजिमेंटसाठी. या रेजिमेंटची १९४१ साली उभारणी झाली, तीही बेळगावात.

‘शंखनाद’मध्ये तीन राग गुंफले आहेत. बिलासखानी तोडी, भैरवी आणि कीरवाणी. संगीत शिकलेल्या वाचकांच्या इथे भुवया उंचावतील. कारण बिलासखानी तोडी आणि भैरवी यांचे स्वर सारखेच! रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल. दोघांतला फरक आहे तो चलनाचा, वळणांचा. आणि वर आपण पाहिलं, की बँडला वळणंच जड जातात. म्हणजे हे दोन राग बँडवर वेगळे दाखवायचे, तर प्रत्येक स्वरवाक्य कुठून सुरू होतं आणि कुठे थांबतं, हे काटेकोर लिहावं लागणार. कीरवाणीची गोष्ट उलट. त्याचे स्वर पाश्चात्त्यांच्या एका मायनर स्वरसप्तकाशी तंतोतंत जुळतात. बँडच्या वादकाच्या बोटांना ते आधीपासून ओळखीचे असतात. दोन अवघड पाहुण्यांबरोबर घरचाच एक माणूस बसवला, की पंगत सुरळीत चालते, तसंच काहीसं हे.

पहिलं वाचन

रचना कागदावर उतरली, पार्ट निघाले. हल्ली सिबेलियस किंवा म्यूझस्कोरसारख्या संगणकाच्या प्रणालींनी हे काम पुष्कळ सोपं केलं आहे. बटण दाबलं की संगणक सगळी वाद्यं वाजवूनही दाखवतो. नव्या रचनाकाराला वाटतं, झालं की! पण संगणकाला दम लागत नाही, त्याचे ओठ थकत नाहीत आणि ट्युबाशेजारी बासरी ऐकू येते की नाही, हे तो खरं सांगत नाही. खरी परीक्षा होते ती बँड समोर बसून पहिल्यांदा वाचतो तेव्हा.

हे पहिलं वाचन रचनाकाराचं काळीज हलवणारं असतं. मनात जी सुरावट देवळातल्या काकड्यासारखी वाजत होती, ती समोर भलतीच निघते. क्लॅरिनेटची नाजूक जागा ट्रॉम्बोनखाली गाडली जाते. ढोल जास्त होतो. कुणी तरी हात वर करून विचारतो, इथे श्वास कुठे घेऊ? बँडमास्तर लाल पेन्सिल काढतो.

अशा वेळी मोठेमोठेही डगमगले आहेत. पर्सी ग्रेंजर या संगीतकाराची इंग्लंडच्या लोकगीतांवरची रचना आज जगभरच्या बँडांना शिरोधार्य आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ती पहिल्यांदा वाजली. वादकांत तिथल्या बिअर कारखान्यांच्या कामगार बँडांतली मंडळी होती. रचना इतकी कठीण निघाली, की तिचे सगळे भाग त्या दिवशी वाजवताच आले नाहीत.

मग अशा वेळी कुणाचं ऐकावं? अनुभवी मंडळींची रीत साधी असते. दम, ओठ, बोटं यांच्याबद्दल वादक जे सांगेल, ते मुकाट्याने मान्य करावं, कारण दुखणं त्याचं असतं. तोल आणि पट्टी यांबद्दल बँडमास्तराचं ऐकावं, कारण तो समोर उभा असतो. पण मुळात काय म्हणायचं आहे, हा राग का आणि इथे शांतता का, याबद्दलचा शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवावा. ‘लोकांना आवडेल असं एखादं सिनेमाचं गाणं मध्ये घाला’ हा सल्ला हमखास मिळतो. तो नम्रपणे ऐकून घ्यावा!

विजय चौकातली संध्याकाळ

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ होतं. तिन्ही दलांचे बँड संध्याकाळच्या उजेडात एकत्र येतात. या समारंभात वर्षानुवर्षं ‘अबाइड विथ मी’ ही ख्रिस्ती प्रार्थना वाजत असे. गांधीजींच्या आवडीची म्हणून तिला वेगळा मान होता. २०२२ साली ती वगळून तिथे ‘ए मेरे वतन के लोगो’ आलं. त्याची चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. हा बदल अनेकांना रुचला, अनेकांना रुखरुख लावून गेला.

पुढच्या वर्षी, २०२३मध्ये, कार्यक्रमात भारतीय रागांवर आधारलेल्या २९ धुना होत्या. सैन्याच्या बँडने ‘शंखनाद’ वाजवला. हवाई दलाने ‘अपराजेय अर्जुन’, ‘चरखा’, ‘वायुशक्ती’ आणि ‘स्वदेशी’ वाजवल्या. मशकबीनवाल्यांच्या यादीत तर ‘कोकण सुंदरी’ नावाची धून होती! पचमढीला लोक सातपुड्याची राणी म्हणतात, त्याच नावाचीही एक धून त्यात होती.

या धुना मार्चच्या आहेत, छोट्या आहेत. खुर्च्यांवर बसून ऐकावा असा आपल्या मातीतला मोठा स्वीट, तीन-चार भागांचा, दहा-पंधरा मिनिटांचा, अजून आपल्या ओठांवर रुळलेला नाही. पण शाळा आहेत, वादक आहेत, राग तर आहेतच. बंगळूरच्या कब्बन पार्कात बँडसाठी बांधलेला जुना बँडस्टँडही आहे. कमी आहे ती ऐकणाऱ्यांची आणि ऐकून दोन शब्द बोलणाऱ्यांची. ते काम तुम्ही-आम्हीही करू शकतो. त्याला स्वरलिपी यावी लागत नाही.

चौकट : बँडची नवी रचना ऐकताना

● ‘छान झालं’ एवढंच म्हणू नका. कोणती जागा आवडली, ते सांगा. वादकाला आणि रचनाकाराला तेच हवं असतं.

● धून घरी जाताना गुणगुणता येते का, बघा. येत नसेल, तर नेमकी कुठे सुटते ते सांगा.

● मुख्य सुरावट कोणत्या वाद्याकडे आहे, हे ओळखण्याचा खेळ मुलांबरोबर खेळा. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम यांचे आवाज लवकर ओळखता येतात.

● कंटाळा आला असेल, तर तो कितव्या मिनिटाला आला, हे प्रामाणिकपणे सांगा. रचनाकाराला ‘वाईट होतं’ यापेक्षा ‘मधला भाग लांबला’ हे वाक्य शंभर पटींनी उपयोगी पडतं.

● आणि येत्या २९ जानेवारीला दूरदर्शनसमोर बसाल, तेव्हा निवेदक धुनेबरोबर रचनाकाराचं नाव सांगतो का, तिकडे कान द्या. गाण्याच्या संगीतकाराचं नाव आपण विचारतो. बँडच्या रचनाकाराचंही विचारायला काय हरकत आहे?